जावयाच्या हातात पक्कड

जर्मनीत भाड्यानं घर घेतलं की बहुतेक वेळा हातात येतात त्या भिंती, दारं-खिडक्या, हीटर आणि न्हाणीघर. आधीचा भाडेकरू जाताना आपलं स्वयंपाकघर सोडवून घेऊन जातो, ओट्यासकट आणि सिंकसकट. दिवेही नेतो. छतातून तारांची टोकं बाहेर आलेली असतात, स्वयंपाकघराच्या भिंतीत पाण्याचे व्हॉल्व्ह आणि सांडपाण्याचं तोंड दिसतं. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. पुण्याहून कंपनीच्या कामासाठी स्टुटगार्टला बदली झाली तेव्हा आम्हाला असंच घर मिळालं. इमारत महायुद्धानंतरच्या बांधकामातली, भिंती जाड, छत उंच.

माणूस बोलवायचा म्हटलं तर प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन तासाला ६०-७० युरोंच्या पुढे घेतो, घरी यायचे पैसे वेगळे आणि तारीख मिळायला आठवडे लागतात. ऑफिसातले जर्मन सहकारी शनिवारी बाऊमार्क्टमध्ये, म्हणजे घरकामाच्या सामानाच्या त्या अवाढव्य दुकानांत जातात आणि सोमवारी कुणी फरशी बसवल्याचं सांगतो, कुणी दार रंगवल्याचं. त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की तुझ्याकडे ड्रिल कुठलं आहे. मी पुरुष आहे, नुकतं घर घेतलंय, म्हणजे ड्रिल असणारच, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

माझं बालपण पुण्यात नारायण पेठेत गेलं. वडील बँकेत होते. घरात हत्यारांची पेटी नव्हती. शिलाई मशीनच्या खणात एक स्क्रू ड्रायव्हर असायचा, तेवढाच. नळ गळायला लागला की प्लंबर, फ्यूज उडाला की कोपऱ्यावरचा वायरमन, कपाटाचं दार निखळलं की सुतार. यात आळस नव्हता. आमच्याकडे हातकाम जातीनं वाटून दिलेलं होतं. लाकूड सुताराचं, लोखंड लोहाराचं, माती कुंभाराचं, आणि त्यांना वर्षाकाठी बलुतं. बलुतं गेलं, पण लेखणी धरणाऱ्यानं पक्कड धरायची नाही हा समज पांढरपेशा घरांत राहिला. शिकलेला मुलगा म्हणजे ज्याला नळ दुरुस्त करावा लागत नाही तो, अशीच व्याख्या होती. त्यामुळे आमच्या लग्नाच्या बोलण्यात पगार निघाला, फ्लॅट निघाला, पत्रिका निघाली, वॉशर बदलता येतो का हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

बायकोचं घर निराळं. ती सांगलीची. तिचे वडील आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचे शिल्पनिदेशक होते. त्यांनी पोरांच्या पिढ्या शिकवल्या आणि घरी मुलीलाही शिकवलं. इस्त्रीची वायर बदलणं, पंखा हळू फिरायला लागला की कपॅसिटर बदलून बघणं, नळाचे आटे झिजले आहेत की नुसता वॉशर गेलाय हे ओळखणं, हे सगळं तिला शाळेत असतानाच येत होतं. आमच्या घरात ज्याला काम येत होतं तो माणूस ती होती, आणि सगळं जग मात्र माझ्याकडे बघून बोलत होतं.

घराचा ताबा घेतला त्या दिवशीच हे दिसलं. इथे ताबा देताना दोन्ही बाजूंनी कागद भरतात: कुठे ओरखडा आहे, मीटरचा आकडा काय, किल्ल्या किती. ताबा द्यायला आलेले गृहस्थ अतिशय सभ्य होते. वीजपेटीतला कुठला स्विच कुठल्या खोलीचा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, हीटरमधली हवा कशी काढायची, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. सांगितलं ते मला. बायको शेजारीच उभी होती. तिनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही माझ्याकडे वळून आली. पेटीत तीस मिलिअँपिअरचा अर्थ-लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, आहे का आणि तो कुठल्या खोल्यांना लागू आहे, हा प्रश्न तिचा होता. त्या संबंध तासातला तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता. ब्रेकर होता, पण फक्त न्हाणीघरासाठी.

ट्राममध्ये ती म्हणाली, "तुला येत नाही, याचं मला काही नाही. पण उद्यापासून मी हात काळे करायचे आणि तू फोनवर कुणीतरी शोधत बसायचं, असं नको. तू माझ्याबरोबर उभा राहा." मला हे बोलणं फार महत्त्वाचं वाटलं, आजही वाटतं. तिची अपेक्षा कौशल्याची नव्हती, हजर राहण्याची होती. कौशल्य माणूस घेऊन येतो किंवा येत नाही. हजर राहणं ज्याच्या त्याच्या हातात असतं.

पहिलं काम दिवे लावण्याचं. सांगलीहून सासरे व्हिडिओ कॉलवर. मागून सासूबाईंचा आवाज, "अहो, जावयाला कशाला कामाला लावताय? तिथं माणसं मिळत नाहीत होय?" आमच्या आईचंही तेच म्हणणं होतं. जावई म्हणजे सासरी पाटावर बसवून वाढायचा माणूस. त्याला शिडीवर चढवायचं म्हणजे काहीतरी चुकतंय, असं दोघींना मनापासून वाटत होतं. सासऱ्यांनी मात्र लक्ष दिलं नाही. ते विद्यार्थ्याशी बोलावं तसं माझ्याशी बोलले, फक्त "जावईबापू" आणि "तुम्ही" तेवढं कायम ठेवलं. "जावईबापू, आधी मेन पाडा. पाडला? आता पेटीवर चिठ्ठी लावा, की काम चालू आहे. घरात दोनच माणसं असली तरी लावा. मग तपासा. पाडलाय म्हणून विश्वास ठेवायचा नाही, तपासायचं."

तपासायला आपल्याकडे असतो तो स्क्रू ड्रायव्हरसारखा निऑन टेस्टर आम्ही पुण्याहून आणला होता. पण बाऊमार्क्टमधल्या विक्रेत्यानं दोन टोकांचा टेस्टर घ्यायला लावला. त्याच्या दोन टोचण्या एका वायरीनं जोडलेल्या असतात. एक एका तारेला, दुसरी दुसऱ्या तारेला लावायची, आणि मध्ये किती व्होल्ट आहेत ते दिव्यांवर दिसतं. निऑन टेस्टरचा प्रवाह आपल्या अंगातून जातो. आपण कोरड्या लाकडी शिडीवर उभे असलो तर तो अंधुक पेटतो आणि तार मेलेली आहे असं वाटू शकतं. सासऱ्यांना हा टेस्टर बघून इतका आनंद झाला की त्यांनी तो मला कॅमेऱ्यासमोर उलटासुलटा करून दाखवायला लावला.

बैठकीच्या खोलीतल्या तारा नव्या होत्या: तपकिरी फेज म्हणजे जिवंत तार, निळी न्यूट्रल म्हणजे प्रवाह परत नेणारी, हिरवी-पिवळी अर्थ म्हणजे जमिनीला जोडलेली. तारेवरचं आवरण किती सोलायचं, जोडणीच्या तुकड्यात तांबं बाहेर दिसता कामा नये, स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार ओढून बघायची, अर्थ सगळ्यात आधी जोडायची आणि काढताना सगळ्यात शेवटी काढायची, हे बायकोनं एकदा करून दाखवलं. दुसऱ्या खोलीतलं मी केलं. ती खाली शिडी धरून उभी. मेन चढवला, बटण दाबलं, दिवा लागला. इतकी वर्षं दिव्याखाली वाचलं, जेवलो, झोपलो, आणि तो कसा लागतो हे माझ्या हातांना त्या दिवशी कळलं. ही भावना मोठी आहे. ती कुठल्याही मुलाला आणि मुलीला दहाव्या वर्षीच मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. गांधीजींच्या नई तालीमचा विचार १९३७ साली वर्ध्यातच मांडला गेला, हातांनी काही घडवत शिकण्याचा. आमच्या वाट्याला आला तो आठवड्याचा एक कार्यानुभवाचा तास, आणि त्यातही पुठ्ठ्याच्या वस्तू.

मागच्या छोट्या खोलीत मात्र छतातून आलेल्या तारा वेगळ्या होत्या: काळी, राखाडी आणि लाल. सासरे चटकन म्हणाले, "लाल फेज, काळी न्यूट्रल." आपल्याकडे तेच आहे, आणि त्यांनी आयुष्यभर तेच शिकवलं. पण लगेच पुढे म्हणाले, "पण देश दुसरा आहे. मोजा." आम्ही मेन पाडून तीन तारांची टोकं एकमेकांपासून लांब केली, मेन पुन्हा चढवला आणि दोन टोकांचा टेस्टर लावला. काळी आणि राखाडी यांच्यात २३० व्होल्ट. काळी आणि लाल यांच्यातही २३०. लाल आणि राखाडी यांच्यात शून्य. म्हणजे जिवंत तार काळी होती. साधारण १९६५च्या आधीच्या जर्मन वायरिंगमध्ये काळी फेज, राखाडी न्यूट्रल आणि लाल अर्थ असे रंग होते. आपल्या हिशेबानं जोडलं असतं तर दिवा लागलाही असता, पण त्याचा प्रवाह अर्थच्या तारेतून वाहिला असता. आणि ती तार पुढे कुठे सुटली असती, तर तिच्याशी जोडलेल्या सगळ्या धातूत वीज उतरली असती.

सासरे थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथं थांबा. टोकं झाका, मेन पाडून ठेवा, परवानाधारक माणूस बोलवा." चाळीसेक वर्षं वीज हाताळलेला माणूस थांबा म्हणतो, याचं मोल मला त्या दिवशी कळलं. घरमालकांना लिहिलं, त्यांनी इलेक्ट्रिशियन पाठवला. पंचविशीचा मुलगा. इथे या कामाची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते. आठवड्यातले काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत. त्यानं जुन्या खोल्यांसाठीही लीकेज ब्रेकर बसवायला सुचवलं, घरमालकांनी मान्य केलं. इलेक्ट्रिक शेगडीची ४०० व्होल्टची तीन फेजची जोडणीही आम्ही त्याच्याकडूनच करून घेतली. ते काम घरच्यांनी करायचं नसतंच. आपल्याकडे पुरुषाला येतं म्हणजे त्यानं सगळंच करून दाखवायचं, असं धरतात, आणि कुणाला येत नाही हे कबूल करायला तोंड नसतं म्हणून गिझर आणि मिक्सरच्या सॉकेटशी लोक नको ते प्रयोग करतात. कुठे थांबायचं हे न शिकवता पुरुषाकडून धीटपणा मागणं मला क्रूर वाटतं.

भिंतीला भोकं पाडण्याचा भाग मला सगळ्यात आवडला. आपल्याकडे पूर्वी छिन्नीनं भोक पाडून लाकडाची गिट्टी ठोकायचे आणि तिच्यात स्क्रू बसवायचे. इथे नायलॉनचा ड्यूबेल. तो शोधला आर्टुर फिशर या माणसानं, १९५८ साली, स्टुटगार्टपासून फार लांब नसलेल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या टुमलिंगेन गावात. स्टुटगार्टमध्येच त्यानं धातुकामाची उमेदवारी केली होती, विद्यापीठात तो गेला नाही, आणि हजाराच्या वर पेटंटं त्याच्या नावावर आहेत. भोकात ड्यूबेल घालून स्क्रू पिळत गेलं की तो फुगून भिंत धरून बसतो. सहाच्या ड्यूबेलला सहा मिलिमीटरचाच बिट, आणि भोक ड्यूबेलपेक्षा थोडं खोल, कारण स्क्रूचं टोक पुढे बाहेर येतं. भोकातली धूळ काढल्याशिवाय ड्यूबेल धरत नाही. पोकळ विटेत हातोड्याचा झटका बंद करून नुसतं फिरवायचं, नाहीतर विटेच्या आतल्या पातळ भिंती फुटतात. खिडकीच्या वर पडद्याची दांडी लावताना मात्र साधं ड्रिल जागच्या जागी फिरत राहतं, कारण तिथे काँक्रीटचा लिंटेल असतो. त्याला मोठं हॅमर ड्रिल लागतं. ते आम्ही बाऊमार्क्टमधून दिवसाच्या भाड्यानं आणलं. आणि स्विचच्या सरळ वर किंवा खाली कधीच भोक पाडायचं नाही, कारण वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

रविवारी ड्रिल चालवता येत नाही, शेजारी लगेच दार वाजवतात. त्यामुळे शनिवार आमचा कामाचा वार. एका शनिवारी बायको ड्रिल चालवत होती आणि मी व्हॅक्यूम क्लीनरची नळी भोकाखाली धरून उभा होतो. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. त्यांनी ड्रिल तिच्या हातात पाहिलं आणि प्रेमानं मला विचारलं, तुझा हात दुखावलाय का? मी म्हटलं, नाही, हिला जास्त चांगलं येतं. त्यांना ते पटायला वेळ लागला. पण याच आजींनी मला जिना पुसताना बघून कौतुक केलं होतं. आमच्या इमारतीत भाडेकरूंनी आळीपाळीनं जिना झाडायचा-पुसायचा असतो, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी येते. जिना मी पुसला तर कौतुक, बायकोनं पुसला तर कुणी बघतही नाही; भोक मी पाडलं तर कुणी बघत नाही, तिनं पाडलं तर माझ्या हाताची चौकशी. जिन्यापुरतं पुणं आणि स्टुटगार्ट मला वेगळं वाटलं नाही.

स्वयंपाकघर आम्ही शहर सोडून जाणाऱ्या एका जोडप्याकडून जुनं विकत घेतलं. कपाटं सोडवणं, प्रत्येक फळीवर पेन्सिलीनं खूण करणं, उचलून आणणं आणि आपल्या भिंतीच्या मापानं पुन्हा उभं करणं, यात बरेच शनिवार गेले. ओट्याची फळी कापण्याचं काम माझं. तोवर मला करवतीचं यंत्र सरळ चालवता यायला लागलं होतं. नळाचा भाग मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण नव्यानं येणाऱ्या आपल्या लोकांना तो माहीत नसतो. जुन्या घरांत सिंकखाली पाच लिटरचा छोटा बॉयलर असतो. तो बहुधा बिनदाबाचा असतो, म्हणजे त्याच्या टाकीला नळाच्या पाण्याचा दाब सोसत नाही. त्याला नळही वेगळा लागतो, तीन नळ्यांचा: भिंतीतलं थंड पाणी आधी नळात येतं, नळ उघडला तरच बॉयलरमध्ये जातं, आणि तिथून गरम होऊन परत नळात येतं. साधा दोन नळ्यांचा नळ लावला तर टाकीवर पूर्ण दाब येतो आणि ती फुटते. पाणी तापताना या नळाच्या तोंडातून थेंब पडतात. तो बिघाड नसतो, तापून वाढलेलं पाणी बाहेर पडत असतं. ते थेंब थांबवण्यासाठी नळ आवळायचा नाही.

हे बायकोलाही माहीत नव्हतं, सासऱ्यांनाही नव्हतं. दुकानातल्या बाईंनी आम्हाला आधी बॉयलरचा फोटो काढून आणायला लावला आणि मगच नळ विकला. त्या संध्याकाळी सिंकखाली आम्ही दोघं आडवे पडलो होतो, ती टॉर्च धरून, मी पाना घेऊन. एक नळी चढेना. ती म्हणाली, "मला दे." मी म्हटलं, "मला करू दे, तू सांग." लग्नानंतरच्या आमच्या सगळ्या बोलण्यांत ही दोन वाक्यांची देवाणघेवाण मला सर्वांत जवळची वाटते. तिला पटकन जमलं असतं. तिनं हात मागे घेतला आणि सांगत राहिली: आटे हातानं बसव, तिरकं लागलं तर काढ, पाना शेवटी. येणाऱ्यानं न येणाऱ्यासाठी हात मागे घेणं हे काम करण्याइतकंच कष्टाचं आहे. पुष्कळ घरांत पुरुष कणीक मळायला बसला की "सोडा, मी करते" म्हणून परात ओढून घेतली जाते, आणि बाईनं टेस्टर हातात घेतला की "दे इकडे, शॉक बसेल" म्हणून तो काढून घेतला जातो. दोघंही मग जन्मभर एकेका कामाला बांधलेले राहतात.

पुढच्या गणपतीत सांगलीला गेलो. सासऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, टेस्टर घेऊन या. आरती झाली, जेवणं झाली आणि मोरीतला नळ गळताना दिसला. मी पक्कड मागितली तशा सासूबाई उठल्याच, "जावयानं सणाच्या दिवशी मोरीत बसायचं? लोक काय म्हणतील?" सासरे म्हणाले, "बसू दे त्यांना. मी शिकवलेलं पोरगं आहे." वॉशर बदलायला फार वेळ लागला नाही. मग टेस्टर घेऊन आम्ही तिघं घरभर प्रत्येक सॉकेटची फेज आणि अर्थ तपासत हिंडलो. स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या सॉकेटला आणि फ्रिजच्या सॉकेटला अर्थ मिळतच नव्हता; टेस्टर फेज-न्यूट्रलमध्ये २३० दाखवत होता आणि फेज-अर्थमध्ये गप्प. परसातला अर्थिंगचा खड्डा उघडला तर मीठ-कोळसा कोरडा ठणठणीत आणि नळीवरची तार गंजून तुटलेली. सासऱ्यांचा एक जुना विद्यार्थी आता त्या भागात वायरमन आहे. त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तार, क्लँप, नवा खड्डा आणि पेटीत लीकेज ब्रेकर, सगळं झालं.

ब्रेकरवरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं. सासरे मला म्हणाले, "आता हे दर एक तारखेला." मी सासूबाईंना बोलावलं. त्या आधी नको नको म्हणाल्या, हात पदराला पुसून पुढे आल्या आणि त्यांनी बटण दाबलं. घरातली वीज गेली. बायकोनं त्यांना खटका परत कसा चढवायचा ते दाखवलं, आणि सासूबाईंनी तो चढवला. मग त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "हे इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?" सासऱ्यांनी उत्तर दिलं नाही, त्यांनी पेटीतले बाकीचे खटके एकेक करून कुठल्या खोलीचे ते सांगायला सुरुवात केली, आणि त्या फडताळातून पेन घेऊन आल्या.